अक्षरांना पत्ता देणारा माणूस : डेनिस रिची

अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाला ‘सी’ ही संगणकीय भाषा शिकणाऱ्या विद्यार्थ्याची खरी कसोटी लागते ती पॉइंटरच्या प्रकरणात. बेरीज-वजाबाकीचे, चढत्या-उतरत्या क्रमाचे प्रोग्रॅम तोवर बिनबोभाट चाललेले असतात. मग फळ्यावर दोन ओळी येतात. एकीत अक्षरांचा ॲरे असतो, दुसरीत अक्षराकडे बोट दाखवणारा पॉइंटर. दोहोंत एकच नाव लिहिलेले असते आणि छापून पाहिले तर पडद्यावरही तेच नाव उमटते. तरीही पहिल्या ओळीतील अक्षर बदलता येते आणि दुसऱ्या ओळीतील बदलू गेल्यास प्रोग्रॅम बहुधा कोसळतो. अनेक विद्यार्थी हा आपल्याच बुद्धीचा दोष मानतात. वस्तुतः या गोंधळाच्या मुळाशी एका माणसाने विशिष्ट अडचणीतून वाट काढताना घेतलेला निर्णय आहे. त्या माणसाचे नाव डेनिस रिची. जगातील बहुतेक संगणक आणि भ्रमणध्वनी आजही त्या निर्णयाची फळे चाखत आहेत आणि त्याची किंमतही मोजत आहेत.

न बांधलेला प्रबंध

डेनिस रिची यांचा जन्म ९ सप्टेंबर १९४१ रोजी अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यात, ब्राँक्सव्हिल येथे झाला. त्यांचे वडील ॲलिस्टर रिची हे बेल टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होते. दूरध्वनी केंद्रांत एक तार दुसऱ्या तारेशी जोडणाऱ्या स्विचिंग मंडलांच्या रचनेवर त्यांनी सहकाऱ्यांसह लिहिलेला ग्रंथ त्या विषयात मान्यता पावला होता. डेनिस यांचे बालपण न्यू जर्सी राज्यात गेले. पुढे आयुष्यभर त्यांची कर्मभूमी तीच राहिली.

हार्वर्ड विद्यापीठातून १९६३ साली त्यांनी भौतिकशास्त्राची पदवी घेतली आणि तेथेच उपयोजित गणितात संशोधन सुरू केले. प्रोग्रॅममधील पुनरावृत्तीची वेटोळी एकात एक किती खोल गुंफली आहेत, यावरून त्या प्रोग्रॅमला लागणाऱ्या श्रमांविषयी काय सांगता येते, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय होता. प्रबंध १९६८ साली लिहून झाला. मात्र त्याची बांधलेली प्रत विद्यापीठाच्या ग्रंथालयात काही जमा झाली नाही, आणि तेवढ्यावरून डॉक्टरेटची पदवी राहून गेली. पुढे जगभरचे सन्मान लाभलेल्या या माणसाच्या नावामागे ती पदवी अखेरपर्यंत लागली नाही. आपल्याला नेमके काय करायचे नाही, हे हार्वर्डमध्ये त्यांच्या लक्षात आले होते. शुद्ध सिद्धान्तापेक्षा हाताशी असलेल्या यंत्राकडून काम करून घेण्यात त्यांचे मन अधिक रमत होते.

फर्मागुडीचे गोवा अभियांत्रिकी महाविद्यालय ज्या वर्षी सुरू झाले, त्याच १९६७ साली रिची वडिलांच्या पावलावर पाऊल टाकून बेल लॅब्जमध्ये रुजू झाले. न्यू जर्सीतील मरे हिल येथील ही प्रयोगशाळा तेव्हा ट्रान्झिस्टरचे जन्मस्थान म्हणून ख्यातकीर्त होती. तेथे रिचींना दिलेले पहिले मोठे काम म्हणजे ‘मल्टिक्स’. एकाच मोठ्या संगणकावर अनेकांना एकाच वेळी काम करता यावे, यासाठी मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्था, जनरल इलेक्ट्रिक आणि बेल लॅब्ज यांनी मिळून ही ऑपरेटिंग सिस्टीम हाती घेतली होती. प्रकल्प अवाढव्य झाला, काळ आणि पैसा दोन्ही हाताबाहेर गेले. १९६९ साली बेल लॅब्जने त्यातून अंग काढून घेतले.

अडगळीतले यंत्र

मल्टिक्स संपले, पण त्यावर काम केलेल्या मंडळींना लागलेली सवय संपली नाही. एका दालनात बसून, यंत्राशी थेट संवाद साधत, शेजारच्या सहकाऱ्याच्या मदतीने प्रोग्रॅम लिहिण्याचा आनंद त्यांनी घेतला होता. केन थॉम्प्सन या सहकाऱ्याला प्रयोगशाळेत फारसे कोणी वापरत नसलेले ‘पीडीपी-७’ जातीचे एक छोटे यंत्र सापडले. त्याची स्मृती अवघी आठ हजार शब्दांची होती आणि प्रत्येक शब्द अठरा बिटांचा होता. त्या तुटपुंज्या जागेत थॉम्प्सन यांनी १९६९ च्या उन्हाळ्यात एका नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचा पाया घातला. फाइलींची व्यवस्था कशी असावी, याची आखणी करताना रिची त्यांच्या सोबत होते. तिला पुढे ‘युनिक्स’ हे नाव मिळाले.

युनिक्ससाठी थॉम्प्सन यांनी ‘बी’ नावाची एक लहानशी भाषा रचली. केंब्रिजच्या मार्टिन रिचर्ड्स यांच्या ‘बीसीपीएल’ या भाषेची ती काटछाट केलेली आवृत्ती होती. ‘बी’मध्ये वस्तूंचे प्रकार नव्हते. संख्या असो, अक्षर असो वा स्मृतीतील एखाद्या जागेचा पत्ता असो, सगळे एकाच मापाच्या खणात राहायचे. यंत्रच त्या मापाचे होते, तोवर हे चालून गेले.

पुढचे यंत्र मिळवण्यासाठी कारण दाखवणे भाग होते. थॉम्प्सन-रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मजकूर लिहिण्या-सुधारण्याची सोय उभी करून देतो, असे सांगितले आणि १९७० साली त्यांना ‘पीडीपी-११’ हा नवा संगणक मिळाला. बेल लॅब्जचा पेटंट विभाग युनिक्सचा पहिला खरा गिऱ्हाईक ठरला. तेथील टंकलेखक त्यावर पेटंटचे अर्ज तयार करू लागले. युनिक्सला पहिला आश्रय मिळाला तो मोठ्या गणितांसाठी नव्हे, तर अक्षरांसाठी, ही गोष्ट रिचींच्या पुढील कामाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे.

‘पीडीपी-११’ची मांडणी वेगळी होती. त्यात प्रत्येक बाइटला, म्हणजे आठ बिटांच्या प्रत्येक खणाला, स्वतंत्र पत्ता होता आणि एका बाइटमध्ये रोमन लिपीचे एक अक्षर नेमके मावत असे. मात्र ‘बी’ भाषेला बाइट ठाऊकच नव्हता. एका शब्दात कोंबलेली अक्षरे सुटी करायची, सुट्या खणांत पसरायची, काम झाले की पुन्हा कोंबायची, असा द्राविडी प्राणायाम करावा लागे. पत्त्यांचा हिशेबही दर वेळी शब्दांतून बाइटांत बदलावा लागे. १९७१ साली रिचींनी ‘बी’मध्ये अक्षरासाठी स्वतंत्र प्रकार आणला आणि यंत्राला थेट समजतील अशा आज्ञा देणारा कंपायलर लिहायला घेतला. येथून ‘सी’ भाषेचा प्रवास सुरू झाला.

चौदा अक्षरांची अडचण

‘बी’मध्ये ॲरे जाहीर केला की दोन गोष्टी तयार होत. एक म्हणजे ओळीने मांडलेले खण आणि दुसरी म्हणजे त्यांतील पहिल्या खणाचा पत्ता सांभाळणारा आणखी एक खण. ॲरेचे नाव त्या दुसऱ्या खणाचे असे. नाव म्हणजे पत्ता आणि पत्त्यावर गेले की वस्तू, हा मामला साधा होता. रिचींनी आपल्या सुधारित भाषेतही सुरुवातीला तोच ठेवला.

अडचण आली ती युनिक्सच्या फाइलींच्या यादीपाशी. त्या यादीतील प्रत्येक नोंदीत फाइलीचा क्रमांक आणि लगेच त्यामागे फाइलीचे नाव असायचे. नावासाठी चौदा अक्षरांची जागा राखलेली होती. अशी नोंद भाषेत एक जोडवस्तू म्हणून मांडावी, असे रिचींना वाटत होते. पण नाव हा जर अक्षरांचा ॲरे असेल, तर त्याचा पत्ता सांभाळणारा खण ठेवायचा कुठे? तबकडीवरच्या नोंदीत तर फक्त क्रमांक आणि चौदा अक्षरे होती, पत्त्याला जागाच नव्हती. नोंदीत तो लपवून ठेवला, तर नोंद स्मृतीत आणल्यावर दर वेळी तो खण भरायचा कोणी, हा प्रश्न उरत होता.

रिचींनी शोधलेला तोडगा असा की पत्ता साठवायचाच नाही. ॲरे म्हणजे केवळ ओळीने मांडलेले खण, त्याहून अधिक काही नाही. प्रोग्रॅममध्ये त्याचे नाव उच्चारले की त्या क्षणी पहिल्या खणाचा पत्ता कंपायलरने काढून द्यायचा. काही मोजके अपवाद सोडले, तर ‘सी’मध्ये आजही हेच घडते. या एका निर्णयामुळे जुने प्रोग्रॅम फारसे न बदलता चालत राहिले, यादीतील नोंद जशीच्या तशी भाषेत उतरली आणि यंत्राचा एकही खण वाया गेला नाही. विद्यार्थ्यांच्या डोक्यात होणाऱ्या गोंधळाचा जन्मही येथेच झाला. ॲरे आणि पॉइंटर एकच नव्हेत, पण वापरताना ते एकसारखे दिसू लागले.

दोन राजघाट

हा फरक समजून घेण्यासाठी दोन ठिकाणी आढळणारे एखादे नाव घेणे सोयीचे ठरेल. मध्य प्रदेशात, खानदेशच्या सीमेला लागून असलेल्या बऱ्हाणपूरला तापीच्या काठी राजघाट आहे. दिल्लीला यमुनेच्या काठीही राजघाट आहे आणि तेथे महात्मा गांधींची समाधी आहे.

ॲरे म्हणजे प्रत्यक्ष घाट. त्याच्या पायऱ्या जेवढ्या बांधल्या तेवढ्याच असतात आणि घाट उचलून दुसऱ्या गावी नेता येत नाही. म्हणूनच ‘सी’मध्ये ॲरेच्या नावाला नवा पत्ता देता येत नाही. पॉइंटर म्हणजे पाकिटावर लिहिलेला पत्ता. तो खोडून दुसरा लिहिता येतो. आज बऱ्हाणपूरला जाणारे पाकीट उद्या दिल्लीला धाडता येते. मात्र पत्ता खोडल्याने घाट नाहीसा होत नाही आणि पत्ता लिहिल्याने नवा घाट बांधलाही जात नाही. नुसता पॉइंटर जाहीर करून त्यात अक्षरे भरू पाहणारा विद्यार्थी हीच चूक करतो. त्याने पाकीट घेतलेले असते, घाट बांधलेला नसतो.

मापाचा फरकही यातूनच उलगडतो. ॲरेचे माप विचारले तर सगळ्या पायऱ्या मोजून उत्तर मिळते. पॉइंटरचे माप विचारले तर पत्ता लिहायला लागणाऱ्या जागेचे माप मिळते, आजच्या चौसष्ट-बिटी यंत्रांवर सामान्यतः आठ बाइट. घाट लहान असो की मोठा, पाकिटावरच्या चौकोनाला जागा तेवढीच लागते.

दोन पॉइंटरांची बरोबरी तपासली तर तुलना पत्त्यांची होते, अक्षरांची नव्हे. बऱ्हाणपूरचा राजघाट आणि दिल्लीचा राजघाट एकच का, असे विचारल्यास यंत्र नाही म्हणते आणि त्याचे म्हणणे बरोबर असते. नावे सारखी आहेत का, हे पाहायचे असेल तर अक्षरामागून अक्षर ताडून पाहावे लागते. त्यासाठी वेगळे फंक्शन आहे.

राहिला प्रश्न कोसळणाऱ्या ओळीचा. प्रोग्रॅममध्ये अवतरणचिन्हांत लिहिलेले नाव हे दगडात कोरलेल्या अक्षरांसारखे असते. पॉइंटर थेट त्या दगडाकडे बोट दाखवतो. तेथील अक्षर बदलण्याची मुभा भाषेचे मानक देत नाही आणि आजच्या बहुतेक यंत्रांवर तो भाग लिहिण्यासाठी बंद असतो. ॲरे त्याच नावाने भरला, तर दगडावरची अक्षरे आपल्या पाटीवर उतरवून घेतल्यासारखे होते. पाटी आपली, तेव्हा खोडाखोडही आपली.

शेवटचे शून्य

रिची आणि थॉम्प्सन यांच्या भाषांतील दुसरा मोठा निर्णय शब्दाच्या शेवटाविषयीचा आहे. ‘बीसीपीएल’मध्ये प्रत्येक शब्दमालेच्या आरंभी तिच्यात अक्षरे किती हे लिहिलेले असे. ‘बी’मध्ये थॉम्प्सन यांनी ती पद्धत मोडली आणि अक्षरे संपल्यावर एक विशेष खूण ठेवली. आरंभीच्या लहानशा खणात मावेल तेवढीच लांबी, हे बंधन त्यामुळे गेले. शिवाय मोजणी सांभाळत बसण्यापेक्षा शेवटची खूण ओळखणे त्यांना सोपे वाटले. ‘सी’मध्ये ही खूण म्हणजे शून्य किमतीचा एक बाइट. चार रोमन अक्षरांच्या शब्दाला म्हणून पाच खण लागतात. ‘सी’ शिकणाऱ्या प्रत्येकाने कधी ना कधी हा पाचवा खण विसरून ठेच खाल्लेली असते.

या शून्यामुळे लांबीची नोंद कुठेच राहिली नाही. पॉइंटर हाती आला की शब्द कुठे सुरू होतो ते कळते, पण त्यासाठी जागा किती राखली आहे ते कळत नाही. मर्यादेचे भान यंत्राने ठेवायचे नाही, लिहिणाऱ्याने ठेवायचे, असा हा करार होता. मरे हिलच्या दालनात एकमेकांना ओळखणाऱ्या निष्णात मंडळींमध्ये तो पाळला जात होता.

१९७३ च्या आरंभी ‘सी’ भाषेचा गाभा पूर्ण झाला. त्याआधी १९७२ साली थॉम्प्सन यांनी तिच्या कच्च्या रूपात युनिक्स लिहून पाहिले होते आणि जोडवस्तूंची सोय नसल्याने तो प्रयत्न सोडून दिला होता. आता ती सोय झाली होती. १९७३ च्या उन्हाळ्यात युनिक्सचा गाभा ‘सी’मध्ये नव्याने लिहिला गेला. ऑपरेटिंग सिस्टीम ही यंत्राच्या स्वतःच्या आज्ञांतच लिहिली पाहिजे, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. तो मोडला. पुढे काही वर्षांतच युनिक्स अगदी वेगळ्या बनावटीच्या यंत्रावर नेऊन दाखवण्यात रिची आणि त्यांचे सहकारी यशस्वी झाले.

बेल लॅब्जची मालक असलेली दूरध्वनी कंपनी १९५६ च्या एका न्यायालयीन तडजोडीमुळे संगणकाच्या व्यवसायात उतरू शकत नव्हती. त्यामुळे युनिक्स विद्यापीठांना नाममात्र शुल्कात मिळू लागले आणि त्यासोबत ‘सी’ भाषा जगभर पोहोचली. १९७८ साली रिची आणि ब्रायन कर्निगन यांनी लिहिलेले ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ हे पुस्तक प्रसिद्ध झाले. अवघ्या २२८ पानांच्या त्या पुस्तकाचे पाचवे प्रकरण पॉइंटर आणि ॲरे यांनाच वाहिलेले होते. पुढे आपल्याकडील महाविद्यालयांत ही भाषा अभ्यासक्रमाचा भाग झाली. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक अभियांत्रिकीच्या कित्येक पिढ्यांच्या दप्तरात राहिले. १९८३ साली रिची आणि थॉम्प्सन यांना संगणकशास्त्रातील सर्वोच्च मानला जाणारा ट्युरिंग पुरस्कार मिळाला.

कराराची किंमत

२ नोव्हेंबर १९८८ च्या रात्री अमेरिकेतील विद्यापीठांचे आणि संशोधन संस्थांचे संगणक एकामागून एक मंदावू लागले. रॉबर्ट टॅपन मॉरिस या विद्यार्थ्याने सोडलेला एक प्रोग्रॅम आपल्या प्रती काढत यंत्रामागून यंत्रात शिरत होता. त्याने वापरलेल्या वाटांपैकी एक थेट अक्षरांच्या ॲरेतून जात होती. वापरकर्त्यांची माहिती सांगणाऱ्या एका सेवेत येणाऱ्या मजकुरासाठी ५१२ बाइटांचा ॲरे राखला होता. मजकूर वाचणारे ‘गेट्स’ नावाचे फंक्शन जागा किती हे विचारतच नसे, कारण त्याला मिळायचा तो केवळ पत्ता. मॉरिसच्या प्रोग्रॅमने तेथे ५३६ बाइट पाठवले. ओसंडलेल्या बाइटांनी शेजारच्या जागेतील आज्ञांचा पत्ता बदलला आणि यंत्र पाहुण्याच्या हुकमतीत गेले.

या प्रकरणाला एक विलक्षण किनार होती. त्या विद्यार्थ्याचे वडील रॉबर्ट मॉरिस हे बेल लॅब्जमध्ये रिचींचे सहकारी राहिले होते. युनिक्समध्ये पासवर्ड सुरक्षित ठेवण्याच्या पद्धतीवर त्यांनी मूलभूत काम केले होते. जो करार दालनातील मित्रांमध्ये निर्धास्तपणे पाळला जात होता, तो अनोळखी माणसांच्या जाळ्यात टिकणार नाही, हे एका घरातल्याच मुलाने उघड केले.

रिची या प्रश्नाकडे डोळेझाक करणाऱ्यांपैकी नव्हते. १९९० साली त्यांनी आपल्या पत्त्यासोबत मर्यादाही वाहून नेणाऱ्या पॉइंटरची कल्पना एका लेखात मांडली होती. ‘सी’च्या मानकात तिला स्थान मिळाले नाही. १९९३ साली भाषेच्या विकासाचा इतिहास लिहिताना त्यांनी ॲरे आणि पॉइंटर यांचे नाते हे ‘सी’चे वैशिष्ट्यही आहे आणि तिच्यावरील टीकेचे ठळक कारणही आहे, हे मोकळेपणाने नोंदवले. आपल्या निर्मितीची कैफियत मांडण्यापेक्षा ती तशी का झाली, हे सांगण्याकडे त्यांचा कल होता. त्या लेखात चौदा अक्षरांच्या अडचणीची हकीकतही येते.

दरम्यान मर्यादा ओलांडणाऱ्या अक्षरांनी जगाला जेरीस आणले. मायक्रोसॉफ्टने २०१९ साली जाहीर केले की त्यांच्या उत्पादनांत सापडणाऱ्या सुरक्षाविषयक त्रुटींपैकी सुमारे ७० टक्के त्रुटी स्मृतीच्या गैरवापरातून येतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या सायबर विभागाने तर मर्यादेचे भान स्वतः राखणाऱ्या भाषांकडे वळण्याचे आवाहनच केले. रिचींच्या निर्णयाची ही दुसरी बाजू आहे आणि त्यांचे चरित्र सांगताना ती झाकता येत नाही.

देवनागरीपर्यंत

‘सी’मधील अक्षराचा प्रकार एका बाइटचा आणि रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेला. भारतीय लिपींसाठी १९९१ साली ठरलेल्या ‘इस्की’ या भारतीय मानकाने देवनागरीची अक्षरेही एका बाइटच्या वरच्या अर्ध्या भागात बसवली होती. जगातील सगळ्या लिपी एकत्र नांदायच्या तर मात्र एक बाइट पुरणे शक्य नव्हते. दोन बाइटांची पद्धत पुढे आली, पण तिच्यात रोमन अक्षराच्या दोन बाइटांपैकी एक शून्य असे. शून्य दिसले की ‘सी’ भाषा शब्द संपला असे समजणार, म्हणजे पहिल्याच अक्षरापाशी वाक्य तुटणार.

यावर तोड निघाली ती रिचींच्याच सहकाऱ्यांकडून. बेल लॅब्जमध्ये तेव्हा ‘प्लॅन ९’ या नव्या ऑपरेटिंग सिस्टीमचे काम चालले होते. सप्टेंबर १९९२ मध्ये केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात, ताटाखालच्या कागदावर ‘यूटीएफ-८’ची आखणी केली. तीत रोमन अक्षर पूर्वीप्रमाणे एका बाइटचे राहते, इतर लिपींचे अक्षर अनेक बाइटांचे होते आणि शून्य बाइट मधे कुठेही येत नाही. जुना करार न मोडता नव्या लिपींना घर मिळाले.

देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला या पद्धतीत तीन बाइट लागतात आणि काना-मात्रा स्वतंत्र मोजल्या जातात. ‘राजघाट’ हा शब्द डोळ्यांना चार अक्षरी दिसतो. त्याचे दोन काने धरून चिन्हे सहा होतात, बाइट अठरा आणि शेवटचे शून्य धरून एकोणीस. वीस बाइटांच्या ॲरेत तो जेमतेम मावतो. चार अक्षरे आणि एक शून्य, असा रोमन हिशेब करून पाच बाइट राखणाऱ्या प्रोग्रॅममध्ये हा शब्द शेजाऱ्याच्या अंगणात शिरेल. मराठी मजकूर मधेच कापला जाऊन शेवटी चौकोन किंवा प्रश्नचिन्ह उमटलेले आपण पाहतो, तेव्हा बहुधा कोणीतरी एका अक्षराचे तीन बाइट मधूनच तोडलेले असतात.

शांत निरोप

रिचींचे सहकारी त्यांचे वर्णन मितभाषी, सौम्य आणि प्रसिद्धीपासून दूर राहणारे गृहस्थ असे करतात. दिवस उशिरा सुरू करावा आणि रात्री उशिरापर्यंत काम करावे, असा त्यांचा क्रम होता. १९९८ सालासाठीचे अमेरिकेचे राष्ट्रीय तंत्रज्ञान पदक त्यांना आणि थॉम्प्सन यांना राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या हस्ते मिळाले. २००७ साली ते निवृत्त झाले. २०११ साली याच जोडीला जपान पुरस्कार जाहीर झाला. वडिलांनी जेथे काम केले, त्याच संस्थेत त्यांनी सुमारे चाळीस वर्षे काढली. दरम्यान संस्थेचे मालक बदलले, नाव बदलले, पण त्यांची जागा बदलली नाही.

१२ ऑक्टोबर २०११ रोजी न्यू जर्सीतील बर्कली हाइट्स येथील घरी ते मृतावस्थेत आढळले. ते सत्तर वर्षांचे होते आणि एकटेच राहत होते. कर्करोग आणि हृदयविकार यांनी त्यांची प्रकृती ढासळली होती. आठवडाभर आधी, ५ ऑक्टोबरला, ॲपलचे स्टीव्ह जॉब्ज यांचे निधन झाले होते आणि जगभरची वृत्तपत्रे त्यांच्या आठवणींनी भरून गेली होती. रिचींच्या जाण्याची वार्ता त्या मानाने दबक्या पावलांनी आली. जॉब्ज यांच्या ज्या उपकरणांचे कौतुक चालले होते, त्यांची ऑपरेटिंग सिस्टीम युनिक्सच्याच वंशातली होती आणि तिचा गाभा ‘सी’मध्ये लिहिलेला होता. अँड्रॉइड भ्रमणध्वनींच्या तळाशी असलेल्या लिनक्सचीही गोष्ट तीच.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ‘सी’ भाषेचे सुधारित आंतरराष्ट्रीय मानक प्रसिद्ध झाले. मॉरिसच्या प्रोग्रॅमला वाट करून देणारे, जागा न विचारता अक्षरे ओतणारे ‘गेट्स’ हे फंक्शन त्यातून कायमचे वगळण्यात आले होते. ॲरे आणि पॉइंटर यांचे नाते मात्र रिचींनी ठरवले तसेच राहिले. ते बदलायचे तर आजवर लिहिलेले अगणित प्रोग्रॅम पुन्हा लिहावे लागतील. म्हणून आजही पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला फळ्यावरच्या त्या दोन ओळी समजून घ्याव्याच लागतात आणि अक्षरे लिहिण्यापूर्वी शून्यासह सगळे खण स्वतः मोजावे लागतात.